दोनशे चौदा नंबरची दोन पार्सलं

शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

माझ्या लेकीच्या, परीच्या, गेल्या वर्षीच्या गणिताच्या वहीत निम्मी पानं कोरी निघाली. कोरी पानं रद्दीत टाकणं माझ्या जिवावर येतं, म्हणून आजपासून ही वही माझी. घरी नेणार नाही. घरातल्या प्रत्येक कपाटात काय आहे ते अव्वांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तोंडपाठ असतं. इथं पोटमाळ्यावर टॉवेलांच्या गठ्ठ्याखाली कोण हात घालतंय!

नवी पेठेतलं आमचं शिवशरण चादर भांडार खाली, आणि मी वर. पोटमाळ्याचं छत पाच फुटांवर, मी पाच फूट तीन इंच. दिवसातून दोनदा तुळई डोक्याला लागते आणि दोनदा मी तिला मनसोक्त शिव्या देते. पण लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात ही एकच जागा अशी मिळाली जिथं 'भुवनेश्वरी, चहा टाक' असं कुणी म्हणत नाही. उलट खालून चहा वर येतो. त्यासाठी रोज दोन टेंगळं आली तरी चालतील.

गेल्या संक्रांतीला मी इथून चादरी ऑनलाइन विकायला सुरुवात केली. माझ्यासोबत दगडाबाई. त्या पार्सलं बांधतात, लेबलं लावतात. अक्षर येत नाही, पण आकडे एकदम पक्के. 'आकड्याला फसवता येत न्हाय ताई, अक्षराला येतं,' असं त्यांचं म्हणणं.

आज शनिवार, म्हणजे वजावटीचा दिवस. कुणी जाहिरातीवर बोट ठेवून चादर घेतली, की त्या ऑर्डरचा नंबर जाहिरात कंपनीच्या मशीनकडे जातो. मशीन तो एकदाच मोजतं. गिऱ्हाइकानं पान दोनदा उघडलं आणि तोच नंबर परत गेला, तर दुसरा टाकून देतं. आणि पार्सल परत आलं तर मी तोच नंबर पाठवून सांगते, बाबा, हा धरू नकोस. मग मशीन कुणाला जाहिरात दाखवायची ते शहाणपणानं ठरवतं. एक नंबर, एक चादर, एक माणूस. हे मी विरेशना तीनदा समजावलं. नवरा माणूस, तिन्ही वेळा 'हं' म्हणाला.

आजवर दोन हजार एकशे चाळीस ऑर्डरी. मी एकटीनं. बरं, दगडाबाई आणि मी.

बुधवार, २२ ऑक्टोबर (पाडवा)

आज काय लिहू!

दुकानात वहीपूजन झालं. दरवर्षी मामा, म्हणजे सासरे, नव्या वहीला विभूती-कुंकू लावतात, 'श्री' काढतात आणि पहिला नंबर घालतात. जुनी वही कितीवर संपली याच्याशी घेणं-देणं नाही. सी.ए.ची बिलं वेगळी चालतात, दुकानाची वही मात्र पाडव्याला एकपासून. त्यांच्या आजोबांपासून तसंच. आणि आज मामांनी पेन माझ्या हातात दिला! 'भुवनव्वा, आज तू लिही,' म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, पण म्हणाले. अकरा वर्षांत पूजेला मी फक्त आरतीचं ताट धरून उभी राहिलेय.

मी 'एक' लिहिला. इतका जपून लिहिला की परीनं पहिलीत लिहिला नसेल. डोळ्यांत पाणीच आलं. मामांचे ओळखीचे सिद्धप्पा आले होते नारळ घेऊन. त्यांनी मामांना नारळ दिला, मामांनी त्यांना दिला, दोघांनी हात मिळवले. नव्या वर्षाचा मान असणार.

मग वर आले आणि वाटलं, आपली ऑनलाइनची वही तरी वेगळी का ठेवायची? तीही ह्याच दुकानाची ना? कुंकवाचं बोट कॉम्प्युटरला लावलं आणि ऑर्डरींचे नंबर पुन्हा एकपासून लावले. संध्याकाळी पहिली ऑर्डर आली, भंडाऱ्याहून. नंबर १. दगडाबाईंनी लेबलावर हळदीचं बोट टेकवलं. 'आता तुमी खरंच दुकानातल्या झाला की,' म्हणाल्या.

झालेच मुळी.

सोमवार, २७ ऑक्टोबर

जाहिरात कंपनीच्या पॅनेलवर, म्हणजे त्यांच्या हिशेबाच्या पानावर, शून्य. पाच दिवस झाले, जाहिरातीतून एकही विक्री नाही असं दाखवतंय. आणि इकडे ऑर्डरी येतायत, रोज चौदा-पंधरा. मग ही माणसं येतात कुठून? आकाशातून?

सुट्ट्यांमुळे मशीन मागं पडलं असेल. चार दिवस वाट बघू.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

अजून शून्य. आज मामांनी खालून हाक मारून विचारलंच. खोटं बोलता येत नाही मला, तोंडावर दिसतं. सांगितलं, की ऑर्डरी आहेत पण जाहिरातीतून एकही नाही म्हणतंय.

मामा केवढे खूश झाले! 'बघ! मी म्हणत नव्हतो? लोक आपल्या नावाला येतात. शिवशरण नावाला. जाहिरात कशाला पाहिजे?' मग समोरच्या सराफाला बोलावून सांगितलं, नागपूर-इंदूरचं गिऱ्हाईक आपलं नाव शोधत येतंय म्हणून. दोघांनी चहा घेतला. मामांना इतकं ताठ बसलेलं मी पाहिलं नव्हतं. बायपासपासून ते जरा वाकूनच बसायचे.

मग मला म्हणाले, 'गड्ड्याच्या यात्रेपर्यंत बघू. तोवर जाहिरातीचा उपयोग दिसला तर ठीक. नाहीतर वरचं बंद करू, तूही घरी जरा बघ.'

संक्रांतीची यात्रा. सत्तर दिवस आहेत. तोवर मी मशीनला सरळ करीन, नाहीतर नाव लावणार नाही भुवनेश्वरी.

दुपारी सिद्धप्पा टेप घेऊन वर आले आणि पोटमाळा मोजून गेले. लांबी, रुंदी, जिन्याची दारं. मला नव्या रॅका पाहिजेत हे विरेशनी मामांच्या कानावर घातलेलं दिसतंय. बोलत नाहीत, पण लक्ष असतं माणसाचं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

वजावटीचा दिवस. दिवाळीनंतरची अकरा पार्सलं परत आली. नंबर पाठवले तर तिघांना उत्तर आलं, 'हा नंबर आधीच वजा केलेला आहे.' बाकीच्यांना उत्तर, 'मुदत संपली.'

आधीच वजा? बरं झालं, काम वाचलं. मशीन आपणहून शिकलं वाटतं. मुदतीचं काय ते कळलं नाही. गेल्या आठवड्यातल्या पार्सलाची मुदत कशी संपेल? यांच्या मदतीच्या पानावर लिहिलेलं वाचून डोकं दुखायला लागलं, मग दोन केळी खाल्ली आणि सोडून दिलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

ऑर्डरी दिवसाला आठवर आल्या. मी काय काय केलं नाही? फोटो बदलले. मोराच्या चादरीचा फोटो गच्चीवर उन्हात नव्यानं काढला. परीला चादरीवर बसवलं. रंगांची नावं गोड केली, डाळिंबी काय, मोरपंखी काय. चादर घ्यायची तर घ्या ना मेल्यांनो!

दगडाबाई म्हणाल्या, 'ताई, माज्या हाताला काम कमी झालं की रात्रीला झोप लागत न्हाय.' त्यांचे यजमान गेल्यापासून हाच पगार आहे. मग दोरा गुंडाळत बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

बुधवार, १० डिसेंबर

जाहिरात कंपनीच्या मदतीला तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा एका मुलीनं नीट ऐकून घेतलं. ती म्हणाली, 'मॅडम, तुमचे नंबर आमच्यापर्यंत व्यवस्थित पोचतायत.' मी म्हटलं, मग मोजत का नाही? ती म्हणाली, 'नवीन नंबर असेल तर मोजतंच मॅडम.' मी म्हटलं, अहो नवीनच आहेत, कालच्या ऑर्डरींचे आहेत! ती म्हणाली, 'मग तुमच्या बाजूनं तपासा.'

एक मात्र तिनं सांगितलं ते जिवाला लागलं. विक्री दिसत नाही म्हटल्यावर मशीनला वाटतं ह्या जाहिरातीत दम नाही, आणि ते ती दाखवायचंच कमी करतं. कमी दाखवली की कमी ऑर्डरी. कमी ऑर्डरी म्हणजे आणखी कमी दाखवणार. म्हणजे मी इथं वाकून बसून फोटो बदलतेय आणि तिकडे जाहिरात कुणाला दिसतच नाही. बोंबलून तरी काय उपयोग, ऐकणारं तिकडे कुणी नाहीच.

मामांना सांगायला गेले. ते गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवत होते. हातानंच 'नंतर' केलं.

सोमवार, २२ डिसेंबर

विरेशनी नवा मिक्सर आणला. तीन भांड्यांचा. मी म्हटलं, 'अहो, जुना धडधाकट आहे की.' तर म्हणाले, 'असू दे, घरी लागेलच.' लाल चेहरा करून जेवायला बसले. चटणीला तिखट जास्त झालं असेल.

अव्वांनी भांडीवाल्या निंगव्वाला जानेवारीपासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी विचारलं तर म्हणाल्या, 'तिला कशाला, तू आहेस की आता.' मी दुकानात असते दिवसभर, मी कुठं आहे? पण अव्वांशी वाद घालायचा म्हणजे भिंतीला डोकं, आणि ते काम तुळई करतेच.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

आज एक ऑर्डर. जालन्याहून, एक हातरुमाल.

दगडाबाईंनी तो एवढ्या मायेनं बांधला, जणू लेकीचं लुगडंच आहे.

गुरुवार, ८ जानेवारी

आधी पाणी पिते, मग लिहिते.

सकाळी खालून निरोप आला, रॅका ओढून भिंत मोकळी करा, वायरमन येणार आहे. मी आणि दगडाबाईंनी पार्सलांची मोठी रॅक ओढली. मागं धूळ, एक मेलेलं झुरळ आणि एक पार्सल. परत आलेलं, न उघडलेलं. कधीतरी मागं घसरलं असणार. दगडाबाईंनी पदरानं पुसलं आणि लेबल वाचलं. मग टेबलाकडे गेल्या. तिथं काल इंदूरहून परत आलेलं एक पार्सल पडलं होतं. ते उचललं. दोन्ही हातांत दोन पार्सलं धरून माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

'ताई, ह्ये बगा की. दोनशे चौदा. आणि हे बी दोनशे चौदा.'

मी म्हटलं, वाचायला चुकलं असेल.

'आकड्यात मी चुकत न्हाय,' दगडाबाई म्हणाल्या. 'एका नंबराची दोन कशी? मंग कुरिअरवाल्यानं कुटलं कुटं नेऊन टाकावं?'

इंदूरचं नोव्हेंबरचं. रॅकमागचं मार्चचं, मोराची लाल डबल चादर. तारखा वेगळ्या, गावं वेगळी, माणसं वेगळी. नंबर मात्र एकच.

मी तिथंच जमिनीवर बसले. पाडवा. कुंकवाचं बोट. एकपासून! गेल्या संक्रांतीपासून एक ते दोन हजार एकशे चाळीस सगळे नंबर मशीननं मोजून ठेवलेले आहेत. मी पाडव्यापासून तेच नंबर पुन्हा पाठवतेय. आणि मशीन बिचारं, मीच शिकवल्यासारखं, दुसऱ्यांदा आलेला नंबर टाकून देतंय. रोज. अडीच महिने. 'आधीच वजा', 'मुदत संपली', सगळं सगळं खरं बोलत होतं ते. मी ऐकत नव्हते.

वहीचा मान मशीनला दिला आणि आमचंच नाक कापून घेतलं. रडले. दगडाबाईंनी पाठीवरून हात फिरवला, 'उगी, चुकी सापडली म्हंजी निम्मं काम झालं की,' म्हणाल्या. मग दोघी उठलो.

शुक्रवार, ९ जानेवारी

प्रत्येक ऑर्डरीच्या आधी पाडव्याच्या वहीचं वर्ष लावलं. २५-१, २५-२, २५-३. आता जगात असा दुसरा नंबर नाही. कुठली ऑर्डर कुठल्या जाहिरातीवरच्या बोटातून आली त्याची खूण आमच्याकडे साठवलेली असतेच, आणि नव्वद दिवसांच्या आतलं मशीन अजून घेतं. पाडव्याला एकोणऐंशी दिवस झाले. अकरा दिवसांनी वाचले! सगळ्या ऑर्डरी नव्या नंबरांनी पाठवल्या. मग परत आलेल्यांची वजावट, एकेक नंबर दगडाबाईंनी मोठ्यानं वाचला, मी घातला. कुठंही 'आधीच वजा' आलं नाही.

दगडाबाईंनी घरून शेंगाची पोळी आणली होती. जमिनीवर बसून खाल्ली. तुळईखाली बसलं की ताठ बसता येतं, हे मला वर्षभरात सुचलं नव्हतं.

रविवार, ११ जानेवारी

पॅनेल भरलं!

पाडव्यापासूनच्या पाचशे छप्पन्न ऑर्डरींपैकी पाचशे नऊ जाहिरातीतून. पाचशे नऊ! कागदावर छापून घेतलं. उद्या मामांसमोर ठेवणार. यात्रेला दोन दिवस बाकी असताना. विरेशना सांगितलं तर म्हणाले, 'उद्याच कशाला, यात्रेची गडबड आहे.' मी म्हटलं, यात्रेचीच मुदत आहे ना? ते परीचे बूट पुसायला बसले. परीचे बूट ते कधीपासून पुसायला लागले?

मामांना वाईट वाटेल तेवढंच मनात येतंय. नाव शोधत कुणी आलं नव्हतं हे त्यांना कळेल. पण खरं ते खरं.

सोमवार, १२ जानेवारी

हे पान मी घरच्या गच्चीवर लिहितेय. वही घरी आणावी लागली.

दुकानात गेले तेव्हा मामा गादीवर होते, शेजारी सिद्धप्पा बशीतून चहा पीत होते. मी कागद ठेवला. मामांनी चष्मा लावला. मी सगळं सांगितलं, एक नंबर, दोन पार्सलं, पाडवा. माझीच चूक होती हेही सांगितलं. मामांनी कागद दोनदा वाचला.

'म्हणजे,' ते म्हणाले, 'आपल्या नावाला कुणी आलं नाही?'

'सत्तेचाळीस आले, मामा.'

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ धोतराच्या टोकानं काचा पुसत राहिले. ते पुन्हा वाकले होते. मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, कागद फाडून टाकावा.

मग म्हणाले, 'चूक कुणाची म्हणालीस?'

'माझी.'

'मग झालं तर. आता कशाला ते.'

'पण मामा, मुदत यात्रेपर्यंत होती. उपयोग दिसला तर ठेवू म्हणाला होता तुम्ही. दिसतोय की!'

सिद्धप्पांनी बशी खाली ठेवली. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच वाटलं की मला सगळं माहीत आहे. म्हणाले, 'अक्का, तुमचा मेन स्विच कुठला तेवढं दाखवून ठेवा. संक्रांतीनंतर मोबाईल कव्हरचा माल येतोय माझा. मामांनी पाडव्यालाच शब्द दिलाय, मुहूर्तावर नारळ झालाय आमचा.'

पाडव्याला.

म्हणजे नारळ देऊन झाल्यावर पेन माझ्या हातात आला, की पेन देऊन झाल्यावर नारळ? सकाळपासून मी तेच आठवतेय. आधी पेन. माझ्याकडे न बघता. मी 'एक' लिहीत होते, तेव्हाच माझी जागा द्यायचं ठरलेलं होतं. ते टेप घेऊन आले, मी रॅका समजले. मिक्सर आला, मी तिखट समजले. निंगव्वाला काढलं, मी अव्वांचा स्वभाव समजले. पाचशे छप्पन्न आकडे तपासले मी, आणि घरातली तीन माणसं तपासली नाहीत. मूर्ख, मूर्ख, मूर्ख!

विरेशना विचारलं, 'तुम्हाला ठाऊक होतं?'

'वडिलांपुढं कोण बोलणार, भुवी? त्यांना तुझं मन मोडायचं नव्हतं. म्हणून तर तुला वही लिहायला दिली.'

'आणि सत्तर दिवसांची मुदत?'

'तुला काहीतरी करायला बरं वाटेल म्हणून.'

मी उठले. मिक्सरचं भांडं धुवायला घेतलं.

बुधवार, १४ जानेवारी

यात्रा. सगळा गाव गड्ड्यावर. मी घरी, मिक्सरमध्ये तीळ. अव्वा म्हणाल्या, 'बघ, घरात बाई असली की घर कसं भरल्यासारखं वाटतं.'

घराचं छत दहा फुटांवर आहे. मी अजून वाकूनच चालतेय.

सोमवार, १९ जानेवारी

नवीनच तमाशा झालाय. मशीन शुद्धीवर आलंय!

खऱ्या विक्रीचे नंबर मिळाल्यावर त्याला कळलं की जाहिरातीत दम आहे. परवा अकरा ऑर्डरी, काल एकोणीस, आज दुपारपर्यंत सव्वीस. वेबसाइट बंद करणारा माणूस संक्रांतीला गावी गेलाय, फोन उचलत नाही. ऑर्डरी माझ्या फोनवर येतायत. पोटमाळ्यावर मोबाईल कव्हरं लागलीत, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून एकेक ऑर्डर रद्द करतेय. रद्द केली की तिचा नंबर मशीनला पाठवायचा, हा धरू नकोस. २५-५८३, रद्द. २५-५८४, रद्द. आता प्रत्येक नंबर अगदी नेमका पोचतो, कुठंही चुकत नाही. किती छान शिकवलं मी त्याला.

फोन वाजला की अव्वा विचारतात, 'कोण गं?' मी म्हणते, 'कोणी नाही.'

बुधवार, २१ जानेवारी

सकाळपासून एकतीस रद्द केल्या. बत्तिसावी बैतूलहून. खाली चिठ्ठी होती. 'आईला थंडी फार वाजते. फोटोतली मोराची लाल डबल असेल तरच पाठवा, दुसरी नको म्हणते.'

बोट रद्दवर ठेवलं होतं. दाबलं नाही.

पोटमाळा रिकामा केला त्या दिवशी रॅकमागचं ते पार्सल मी पिशवीत घालून घरी आणलंय. मार्चचं दोनशे चौदा. दुकानात परत आलेला माल नवा म्हणून विकत नाहीत, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. परीच्या हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवलंय. लेकीच्या तेवढ्या एका कपाटात अव्वा अजून हात घालत नाहीत. काढलं, उघडलं. लाल. मोर. डबल. घडीसुद्धा मोडली नव्हती.

बैतूलच्या बाईंना फोन केला. खरं ते सांगितलं, की एकदा जाऊन परत आलेली चादर आहे, वापरलेली नाही, चालेल का. त्या म्हणाल्या, 'आईला मोर पाहिजे, बाकी काही नको.'

मग अव्वा समोर बसलेल्या असतानाच दगडाबाईंना फोन लावला, स्पीकरवर. त्या सध्या घरीच आहेत, हाताला काम नाही. त्यांच्या गल्लीत दोन-तीन घरांत चादरी विणायचे माग आहेत हे मला आठवलं, तेही विचारून घेतलं. 'हायेत की,' म्हणाल्या, 'सावित्रम्मा लई चांगली मोराची काढती. का वो ताई?'

अव्वांनी मान वर केली. सावित्रम्मा हे अव्वांचंही नाव. मग पुन्हा शेंगा निवडायला लागल्या.

मी म्हटलं, 'उद्या तुमच्याकडे येते. एक पार्सल बांधायचंय. लेबलाचा कागद आणि दोरा आहे ना?'

'हाय. नंबर काय घालू?' त्यांनी विचारलं. 'परत एकपासून?'

'नाही,' मी म्हटलं. 'पुढचा घाला.'